टोकनच्या आधी वकील : मरोळमध्ये घर घेताना आणि विकताना

मरोळमध्ये घराचा व्यवहार साधारण असा होतो. एजंट मिलिटरी रोड किंवा मरोळ-मरोशी रोडवरचा एखादा फ्लॅट दाखवतो. हवा-उजेड बरा असतो, मशीद आणि शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असतात, मरोळ नाक्याला मेट्रोच्या दोन लाईन मिळतात. घरच्यांना पसंत पडतं. त्याच संध्याकाळी एजंट सांगतो, "दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या." एक-दोन लाख रुपये हातातून जातात. वकिलाची आठवण येते ती करारनामा टाईप करायची वेळ आल्यावर, आणि तो वकीलही बहुतेक वेळा एजंटनेच आणलेला असतो.

हा क्रम उलटा करावा, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. वकील आधी, टोकन नंतर, आणि वकील तुमचा स्वतःचा. आपल्या कुटुंबांसाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडची बरीच घरं वारशाने हातात आलेली असतात आणि कागदांची साखळी नेमकी तिथेच तुटलेली सापडते.

रजिस्ट्रेशन झालं, मग भीती कसली?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला, अंगठा दिला, फोटो निघाला, सूची क्रमांक दोन हातात आली, म्हणजे मालकी पक्की, असं आपण समजतो. पण आपल्या देशात १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची, मालकीची नाही. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासणं निबंधकाचं काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. विकणाऱ्याने आपली मालकी सिद्ध केली नाही म्हणून नोंदणी नाकारणारा त्या राज्याचा नियम न्यायालयाने रद्द केला. ज्याच्या मालकीचं काही नाही तोसुद्धा दस्त नोंदवू शकतो. फक्त त्या दस्ताने घेणाऱ्याला काहीच मिळत नाही.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथल्या सरकारी जमीन नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, आणि नोंदीत चूक निघून नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. तिथे स्थायिक झालेले आपले कोकणातले नातेवाईक म्हणतात, "आमच्या सॉलिसिटरने आठ-दहा आठवड्यांत सगळं करून दिलं." त्यांच्या सॉलिसिटरच्या पाठीशी सरकारची हमी असते. इथे ती नाही, त्यामुळे मागचे कागद वाचणारा माणूस हीच तुमची हमी.

"सॉलिसिटर" या शब्दाबद्दल थोडंसं. मुंबईत तो अजून ऐकू येतो, कारण बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. पण कायद्याने ॲटर्नी हा वेगळा वर्ग १९७० च्या दशकातच संपला. आता सगळे ॲडव्होकेट. तेव्हा पाटीवर सॉलिसिटर लिहिलेलं नसलं तरी चालेल. तो मालमत्तेचं काम रोज करतो का, हे महत्त्वाचं. फौजदारी कोर्टात नाव कमावलेले ओळखीचे वकीलसाहेब चांगले असतील, पण जुनी सूची वाचायची सवय ही वेगळीच गोष्ट आहे. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते. सनद क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

वकील कोणाचा?

एका व्यवहारात चार वकील फिरत असू शकतात. बिल्डरचा, बँकेचा, विकणाऱ्याचा आणि एजंटच्या ओळखीचा. यातला एकही घेणाऱ्याचा नाही. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून, आणि त्याचा अहवाल सहसा तुमच्या हातातही येत नाही. बिल्डरच्या वकिलाचं टायटल सर्टिफिकेट महारेराच्या संकेतस्थळावर असतं. ते जरूर वाचावं, पण ते बिल्डरने पैसे देऊन घेतलेलं आहे हे विसरू नये.

इथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. सूद नको म्हणून अनेक कुटुंबं बँकेचं कर्ज घेत नाहीत. भावाकडून, मामाकडून, आखातात असलेल्या मुलाकडून रक्कम गोळा करतात. नियत चांगलीच आहे. पण कर्ज नाही म्हणजे बँकेचा वकीलही नाही, आणि मग त्या घराचे कागद कोणीच तपासत नाही. कर्जाशिवाय घर घेणाऱ्याला स्वतःच्या वकिलाची गरज कर्ज घेणाऱ्यापेक्षा जास्त आहे. घरातल्या घरात जमवलेली ही रक्कम उधार आहे, भेट आहे की घरात हिस्सा आहे, हेही त्याच वकिलाकडून लिहून घ्यावं. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची सूरह बकराची आयत आपल्या घरोघर माहीत आहे, तरी भावाभावांत कागद करायला आपल्याला लाज वाटते.

फी आधी ठरवावी आणि तिच्यात काय काय येतं ते लिहून घ्यावं. शोध अहवाल, जाहीर नोटीस, करारनाम्याचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी, नंतर सोसायटीचे फॉर्म. नुसता करारनामा टाईप करून देणाऱ्याची फी कमी असणारच. विकणाऱ्याचा आणि तुमचा वकील एकच असेल तर, तो कितीही भला असो, नम्रपणे दुसरा शोधावा.

जिथे साखळी तुटते : वारसा

आता मुख्य गोष्ट. आम्ही शाळेत अपूर्णांक शिकवतो, म्हणून गणितानेच सांगतो.

समजा मरोळच्या एका सोसायटीतला फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. वडील वारले. मागे बेवा आई, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. वडिलांचे आईवडील आधीच गेलेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव आहे. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा करून राहील त्यात आईचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेले सात अष्टमांश मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटायचे. दोन मुलांचे चार भाग, तीन मुलींचे तीन, एकूण सात. म्हणजे प्रत्येक मुलीला एक अष्टमांश आणि प्रत्येक मुलाला दोन अष्टमांश. फ्लॅट ८० लाखांचा धरला तर आईचे १० लाख, तिन्ही बहिणींचे प्रत्येकी १० लाख, दोन्ही भावांचे प्रत्येकी २० लाख. हिशेब नीट पाहिला तर अर्धं घर आई आणि बहिणींचं आहे.

आता मोठा भाऊ नॉमिनी असल्याच्या जोरावर एकट्याने फ्लॅट विकतो. घेणारा पूर्ण ८० लाख मोजतो. कायद्याने त्याच्या पदरात पडतं ते मोठ्या भावाचं, म्हणजे दोन अष्टमांश. बाकीच्यांपैकी कोणीही पुढे न्यायालयात गेला तर घेणाऱ्याची झोप उडते. मुस्लिम कायद्यात एक वारस दुसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाही, मग तो घरचा कर्ता का असेना.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज फार खोलवर आहे. २०१६ मध्ये इंद्राणी वाही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं, पण त्याने इतर वारसांचा दावा संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही नॉमिनी हा तात्पुरता सभासद मानला जातो, खरे वारस ठरेपर्यंत. त्यामुळे शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव चढलेलं दिसलं तरी वकिलाने विचारायचं ते हे : नाव कशाच्या आधारावर चढलं? खरेदीने, बक्षीसपत्राने, की नुसत्या नॉमिनेशनने?

बहिणींनी हक्क सोडला आहे, असं तोंडी सांगितलं जातं. तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. तेही वडिलांच्या इंतकालनंतरचं, कारण वडील हयात असताना मुलीचा हक्क निर्माणच झालेला नसतो आणि तेव्हा लिहून घेतलेला कागद सहसा टिकत नाही. आम्हाला इथे मोकळेपणाने लिहावंसं वाटतं. भावाने सांगितलं म्हणून सही करणारी बहीण पुष्कळदा आपला आकडा किती हे ऐकलेलंच नसताना सही करते. चांगला वकील तिला बाजूला बसवून रक्कम सांगतो आणि मग विचारतो. घेणाऱ्याच्याही फायद्याचं हेच आहे, कारण समजून केलेली सही पुढे फिरत नाही. ज्या बहिणीला किंवा बेवेला तिचा हिस्सा नाकारला जातो आहे तिने हेही ध्यानात ठेवावं की १९८७ च्या कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

वारसांत अज्ञान मूल असेल तर काम थांबलं असं समजा. आई, मोठा भाऊ किंवा काका त्या मुलाचा हिस्सा आपल्या सहीने विकू शकत नाहीत. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये इमामबांदी खटल्यात हे ठरवलं आणि आजही तोच कायदा आहे. न्यायालयाची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, आणि "मूल मोठं झालं की बघू" म्हणून पुढे ढकलणारा एजंट तेव्हा कुठे असेल सांगता येत नाही.

वकील निवडतानाची एक कसोटीही याच विषयातून निघते. हिंदू वारसा कायद्याची सवय असलेले काही वकील वडिलोपार्जित मालमत्ता, जन्मतः हक्क असे शब्द वापरतात. आपल्याकडे जन्माने हक्क येत नाही. बाप हयात आहे तोवर घर बापाचं. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असला तर सुन्नी कायद्यात त्या वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांचा वारसा मिळत नाही. उलट मुलगा बापानंतर, वाटणीच्या आधी वारला, तर त्याचा हिस्सा त्याची बायको, मुलं आणि आई यांच्याकडे जातो. कोण आधी गेलं हे पाहण्यासाठी मृत्यूचे दाखले तारखेनुसार लावून बसणारा वकील मिळाला तर तो सोडू नका.

वसीयतीचंही तसंच. एक तृतीयांशाच्या वर, किंवा वारसालाच केलेली वसीयत, इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. हे सुन्नी कायद्यानुसार. शिया कुटुंबांचे नियम काही बाबतीत वेगळे आहेत, त्यांनी ते सांगून वकील धरावा. मुसलमानाच्या वसीयतीला प्रोबेट सक्तीचं नाही, तरी काही सोसायट्या ते मागत बसतात. तिथे वकिलाचं एक पत्र काम करतं.

हिब्याबद्दल खूप वाद होतात. २०११ मध्ये हफीझा बीबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुस्लिम कायद्यातला हिबा नोंदणीशिवायही वैध असू शकतो. अट तीन गोष्टींची : देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं. कायदा असा असला तरी तोंडी हिब्याच्या आधारावर घर विकणाऱ्याकडून घर घेताना हात आखडता घ्यावा. ताबा खरंच दिला होता का, देणारा तेव्हा मर्ज-उल-मौतमध्ये तर नव्हता, हे दहा वर्षांनी कोण सिद्ध करणार? महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वरचे उपकर किती ते वकील सांगेल. एवढ्यात काम होत असेल तर बक्षीसपत्र नोंदवून टाकावं. मेहरच्या बदल्यात बायकोला घर देणं हा मात्र नुसता हिबा नाही, तो विक्रीसारखा धरला जातो आणि त्याला नोंदणी लागतेच.

मरोळचे कागद

मरोळमध्ये एका गल्लीत पाच प्रकारची घरं सापडतात, त्यामुळे सगळ्यांना एकच यादी लावता येत नाही. जुन्या सोसायटीतला फ्लॅट असेल तर आजवरचे सगळे मूळ करारनामे, पहिल्या बिल्डरपासूनचे, लागतात. मधला एक हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत. डिसेंबर १९८५ नंतरच्या करारनाम्यांवर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं आहे का ते पाहावं लागतं. नसेल तर ते कोण भरणार हे करारात लिहायचं. मग मौजे मरोळची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. तिच्यावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डर किंवा जुन्या जमीनमालकाच्या? जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर इमारत पुनर्विकासाला जाताना अडते. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण ती सोसायटीने करून घ्यायची असते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती इथे आहेत. विमानतळ जवळ असल्याने उंचीची मर्यादाही आहे, म्हणून वरच्या मजल्यांच्या मंजुरीकडे जास्त लक्ष द्यावं.

एसआरएचं घर ठराविक मुदत संपण्याआधी आणि प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मुदत पूर्ण व्हायच्या आत कुलमुखत्यारपत्रावर विकत घेणारे लोक आम्हाला मरोळ पाइपलाइनपासून चिमटपाड्यापर्यंत भेटतात. २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. शिवाय देणारा वारला की असं मुखत्यारपत्र सहसा संपतं, आणि मग त्याचे वारस दारात उभे राहतात. चाळीतली किंवा वस्तीतली खोली ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेणं हेही त्याच जातीचं. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. पागडीची खोली असेल तर तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही, आणि त्या खोलीचा हक्क मृत्यूनंतर फराइजच्या हिशेबाने नाही तर भाडे कायद्याने पुढे जातो.

वकील किमान तीस वर्षांचा शोध घेतो आणि जाहीर नोटीस देतो. सहसा एक इंग्रजी आणि एक मराठी पेपर, चौदा-पंधरा दिवसांची मुदत. आमची सूचना अशी की विकणारं कुटुंब मुस्लिम असेल तर उर्दू पेपरमध्येही द्यावी. ज्या आत्याचा हिस्सा विसरला गेला आहे तिच्या घरी उर्दू पेपरच येत असेल.

टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर वकिलाकडून एक ओळ लिहून घ्यावी : मालकी स्वच्छ निघाली नाही किंवा सगळ्या वारसांच्या सह्या मिळाल्या नाहीत तर रक्कम इतक्या दिवसांत परत. ही ओळ लिहायला विकणारा तयार नसेल तर तेवढंच उत्तर पुरेसं आहे. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

पैशाचा हिशेब

मुंबईत घराच्या खरेदीवर ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का मेट्रो उपकर लागतो. करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी जास्त तिच्यावर. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ८० लाखांच्या घराला ८०,००० रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांचं नाव लावलं तर ही सूट जाते.

२०,००० रुपये किंवा जास्त रक्कम घराच्या व्यवहारात रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तो घेणाऱ्याला. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. वारसांपैकी कोणी परदेशी स्थायिक असेल तर त्याच्या हिश्श्यावर हा १ टक्का चालत नाही, दर बराच जास्त असतो, आणि कापला नाही तर जबाबदारी खरेदीदाराची. दुबई किंवा जेद्द्याहून येणारं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात करून घ्यावं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. दरवेळी शेवटच्या आठवड्यात धावपळ होते ती यासाठीच.

विकणाऱ्यांसाठी थोडकंच. घर बाजारात काढायच्या आधी वारसांची कामं संपवा, घेणारा सापडल्यावर नाही. गरजू घेणाऱ्यासमोर वारस गोळा करायला निघालात तर शेवटचा उरलेला वारस आपली किंमत वाढवतो. किल्ली पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच द्यावी. भांडवली नफ्याचा कर सीएला विचारावा. वारशाच्या घरात वडिलांची खरेदी किंमत धरली जाते, म्हणून वडिलांचा जुना करारनामा तिथेही लागतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. नोंदणीनंतर सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचं. हस्तांतरणाचा प्रीमियम सोसायटी २५,००० रुपयांहून जास्त मागू शकत नाही, मग त्याला देणगी म्हणोत की काही. त्यानंतर मालमत्ता कर, वीज आणि गॅसच्या बिलावर नाव. आणि त्याच आठवड्यात सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरा, सोबत बायको-मुलांना हेही सांगून ठेवा की त्या फॉर्मवर ज्याचं नाव आहे तो घराचा एकटा मालक नाही.